पिवळ्या खुणेखालचं नाव

खोपट, ठाणे
९ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

आधी आनंदाची बातमी, मग माझं रडगाणं. तुमच्या डोंबिवलीच्या डायलिसिस सेंटरने आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं! येत्या सोमवारपासून सुरू. तुमची पाळी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या मशीनवर, हे सगळं तुमच्या मोबाइलवर मेसेजने येईल. पाळी बदलली तरी मेसेज येईल, फोनवर ऐकू येत नाही ही अडचणच नको. तेव्हा स्वयंपाकघरातलं ते कॅलेंडर उतरवा आणि तो लाल पेन टाकून द्या. दर महिन्याला मंगळवार-शुक्रवार गोल करत बसायचं काम संपलं. तुमची भाची आहे ना इथे बसलेली.

आता रडगाणं. मामी नेहमी विचारते, की तू दिवसभर करतेस तरी काय. तिला सांगा, मी तपासनीस आहे, तुमच्यासारखीच. आमच्या माजिवड्याच्या ऑफिसात कोणीही सॉफ्टवेअरमध्ये काही बदल केला, की कॉम्प्युटर आपोआप तीनशे बारा चाचण्या चालवतो. सगळ्या पास झाल्या तर हिरवी खूण, आणि नवा माल सेंटरांकडे जायला मोकळा. या मालाला आम्ही बिल्ड म्हणतो. एकही नापास झाली तर लाल खूण, आणि बिल्ड तिथेच अडतो.

त्या तीनशे बारांपैकी एक चाचणी मी लिहिलीय आणि तिने माझा जीव खाल्लाय. दोन पेशंटांच्या पाळ्या आपसात बदलल्या तर दोघांनाही मेसेज जातो का, एवढंच ती बघते. वीसदा चालवली तर एकोणीसदा पास, एकदा नापास. का, ते कळत नाही. ती नापास झाली की अख्ख्या ऑफिसचं काम अडतं आणि सगळे माझ्याकडे बघतात.

आमचा मॅनेजर धनेश म्हणाला, “अगं, काढून कशाला टाकतेस? ऐच्छिकमध्ये टाक ना. चालू दे बिचारीला. नापास झाली तर पिवळी खूण दिसेल, बिल्ड अडणार नाही. टेन्शन कायको लेनेका?”

म्हणजे चाचणी होणार, पण तिच्या निकालाने काहीच थांबणार नाही. माझं मन घेत नाहीये. तुमच्या कारखान्यात असं काही होतं का? लवकर लिहा. मार्चमध्ये मला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे, त्यामुळे मला भांडायची हिंमतही होत नाही.

तुमची,
प्रियू


डोंबिवली (पूर्व)
१५ जानेवारी २०२५

चि. प्रियांकास,
अनेक आशीर्वाद.

काल पहिला मेसेज आला. “शिवराम, मंगळवार, सकाळी ८, मशीन ४.” मी तो सेंटरमधल्या सगळ्यांना दाखवला. डायलिसिसचा टेक्निशियन महेंद्र म्हणाला, “काका, आम्हाला माहितीय, आम्हीच तर पाठवला.” मी म्हटलं, तू नाही पाठवलास, माझ्या भाचीने पाठवला. कॅलेंडर उतरवलं आहे. तुझ्या मामीने लगेच त्याची पानं डब्यांच्या फळीवर अंथरली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एकतीस वर्षं मी वाफेचे व्हॉल्व्ह तपासले. हिरवा टॅग असल्याशिवाय माल गेटबाहेर जात नसे. एकदा खुद्द मालक गेटवर उभे राहिले, तरी आमच्या तुळसा वॉचमनीणबाईंनी टेंपो सोडला नाही. टॅग नाही म्हणजे हलायचं नाही, हे माझ्या हाडात गेलं आहे.

पण पिवळा टॅगही होता. त्याला वाईट म्हणू नकोस. नवीन मोजमाप सुरू केलं, त्याचा अजून भरवसा नाही, अशा वेळी पिवळा लावून काम चालू ठेवत असू. नाहीतर रोजच कारखाना बंद ठेवावा लागला असता. फक्त एक नियम होता. पिवळ्या टॅगवर माणसाचं नाव आणि तारीख लिहायची. या तारखेपर्यंत हा माणूस याचा छडा लावणार. तारीख उलटली की पिवळा आपोआप लाल. नाव नसलेला पिवळा टॅग म्हणजे नुसता रंग.

तेव्हा धनेशचं ऐक, पण खाली तुझं नाव लिही.

मामी रविवारी नाशिकला जाते आहे. आपल्या समीक्षाला सातवा संपतोय, लेकीचं बाळंतपण मामीच करणार. दोन-तीन महिने मी राजा आहे.

तुझा,
शिवराममामा


खोपट, ठाणे
२२ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र डेस्कच्या खणात ठेवलंय. चाचणी ऐच्छिकमध्ये टाकली. तुमच्या सांगण्याप्रमाणे नाव आणि तारीखही लिहिली. आता सगळे खूश. ऑफिसात शांतता. धनेशने मला चहा पाजला.

मलाच कसलं तरी बोचतंय. माझ्यानंतर इतरांनीही आपापल्या अडेल चाचण्या तिकडे सरकवल्या. आज नऊ पिवळ्या आहेत. धनेश त्याला “पिवळी चाळ” म्हणतो आणि रोज सकाळी विचारतो, “काय गं, चाळीत आज कोण नवीन राहायला आलं?” सगळे हसतात. मीही हसते. मग जागेवर येऊन पाय हलवत बसते. शेजारची सोनल म्हणते, तुझ्या पायामुळे माझा कॉम्प्युटर हलतो.

सगळ्यांचं म्हणणं, की चूक सॉफ्टवेअरमध्ये नाहीच, आमचं चाचणीचं मशीनच मंद आहे, म्हणून ती कधीतरी नापास होते. असेलही. असावं.

मामी गेली का? जेवण काय करता? लोणचं आणि पापड कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायला मामीला सांगितलं होतं, तुमचा हात पोचू नये म्हणून. पाणी मोजून प्या. पत्राला उशीर करू नका.

तुमची,
प्रियू


डोंबिवली (पूर्व)
२ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. प्रियांकास,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. हात थोडा जड वाटतो, म्हणून अक्षर असं आलंय. तू नाव आणि तारीख लिहिलीस हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या इंजिनिअरांनाही हे पटायला वर्षं लागायची.

इकडे मजेत आहे. मंगळवारी डायलिसिस झालं. शुक्रवारचा मेसेज आला नाही, म्हणून घरीच राहिलो. पाळी बदलली असेल, कळवतील. आज रविवार, अजून काही आलेलं नाही. शेजारचा सीताराम सकाळी आला होता. म्हणाला, “अरे शिवा, मेसेजचं काय घेऊन बसलास? रिक्षा करू, सरळ जाऊन बसू सेंटरवर.” मी त्याला सांगितलं, बाबा, तीनशे बारा चाचण्या होतात त्यावर. न सांगता जाऊन दुसऱ्याच्या मशीनवर बसणं म्हणजे टॅग नसताना टेंपो काढणं. तो डोकं हलवत गेला.

पायाला जरा सूज आहे, चप्पल जात नाही. वरच्या फळीवरच्या पापडांपर्यंत स्टुलावरून हात पोचतो, हे मामीला कळवू नकोस. आडवं झालं की दम लागतो, म्हणून खुर्चीतच टेकतो. मंगळवारपर्यंत मेसेज येईलच.

मामीचा रोज फोन येतो. ऐकू येत नाही, पण स्क्रीनवर तिचं नाव दिसलं की मी “सगळं ठीक” असं ओरडतो आणि ठेवून देतो.

तुझा,
शिवराममामा


खोपट, ठाणे
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

बारा-तेरा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. रागावलात का? रागवायला कारण आहे, पण ते तुम्हाला अजून माहीत नाही. तेच लिहायला बसलेय.

मी खोटं लिहिलं होतं. नाव लिहिलं नाही, तारीखही नाही. लिहायला गेले तर धनेश म्हणाला, “नाव टाकलंस तर उद्या कोणी विचारलं तर तुझ्या अंगाशी येईल. मार्च जवळ आलाय तुझा.” मी घाबरले. तुम्हाला लिहिलं ते अशासाठी, की तुम्ही शाबासकी द्याल आणि मला बरं वाटेल. तुमची शाबासकी येण्याआधीच वाईट वाटायला लागलं.

पिवळ्या आता सव्वीस झाल्या. कोणी बघत नाही. आज मी माझ्या चाचणीचा सगळा इतिहास काढला. पंधरवड्यात चाळीसदा चालली, त्यात अकरा वेळा नापास. आधी विसात एकदा व्हायची. काहीतरी बिघडतंय मामा, आणि खूण मात्र तीच पिवळी. धनेशला दाखवलं तर म्हणाला, शुक्रवारी नवा माल जाऊ दे, मग बघू.

तुम्ही असता तर काय केलं असतं, ते मला माहीत आहे. म्हणूनच विचारत नाही.

तुमची,
प्रियू


डोंबिवली, हॉस्पिटल
९ फेब्रुवारी २०२५

मामा,

नर्स म्हणाली, जागे झालात की तुम्हाला हे वाचायला देईन. तोंडावर मास्क आहे, आणि मी कानाशी ओरडले तर अख्खा वॉर्ड जागा होईल, म्हणून आपलं नेहमीचं लिहिणंच बरं. काय झालं ते सांगते. तुम्हाला नीट आठवणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

गुरुवारी सकाळी ऑफिसला निघताना पेटीत तुमचं पत्र मिळालं. जिन्यातच फोडलं. “शुक्रवारचा मेसेज आला नाही” इथपर्यंत वाचलं आणि उरलेला जिना धावत उतरले. पुढची चपलेची ओळ वाचली तेव्हा मी रस्त्यावर होते. खोपटच्या डेपोसमोर पहिली दिसली ती रिक्षा धरली आणि म्हटलं, डोंबिवली. रेल्वेने लवकर पोचले असते, पण सुचलंच नाही. शिळफाट्याला पाऊण तास अडकलो. मी रिक्षात बसून सेंटरला फोन लावला. त्यांनी स्क्रीनवर बघून सांगितलं, तुमची पाळी सोमवार-गुरुवार अशी बदलली आहे, आणि तुम्ही दोनदा गैरहजर. फोन केले होते, तुम्ही उचलले नाहीत. मी ओरडले, अहो, त्यांना ऐकू येत नाही! महेंद्र स्कूटर काढून माझ्याआधी घरी पोचला. सीतारामकाकांनी किल्लीने दार उघडलं. तुम्ही खुर्चीत होतात, ओठ निळे, आणि हातात मोबाइल धरलेला. मेसेजची वाट बघत.

नऊ दिवस झाले होते मामा. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं.

तुमची पाळी दुसऱ्या पेशंटबरोबर बदलली होती. त्याला मेसेज गेला, तुम्हाला गेला नाही. तुमची नोंद अर्धीच झाली, म्हणून पुढचे मेसेजही बंद. माझी चाचणी नेमकी हेच बघते. ती सांगत होती. मीच तिला पिवळ्या चाळीत नेऊन ठेवली होती.

शुक्रवारी ऑफिसला जाऊन मी ती परत सक्तीची केली. लगेच लाल. नवा माल अडला. धनेश सगळ्यांसमोर म्हणाला, “पर्सनल मॅटर ऑफिसमध्ये आणू नको.” मी त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं, चपलेच्या ओळीपर्यंत. आता वरच्यांनी चौकशी लावली आहे. मार्चचं काय ते बघू.

अजून एक. चाचणीत दोन खोटे पेशंट असतात, “रुग्ण अ” आणि “रुग्ण ब”. मी “रुग्ण अ” खोडून तिथे तुमचं नाव घातलंय. आता पुन्हा कोणाची छाती होणार नाही तिला हात लावायची.

यादीत तुमच्यासारख्या अर्ध्या नोंदी अजून तीन निघाल्या. त्यांचं सेंटरवाले बघतील, असं धनेश म्हणाला.

मामी सकाळी नाशिकहून आली. बाहेर बाकावर बसलीय. पापडांचं तिला कळलंय.

प्रियू


(त्याच कागदाच्या मागे)
१० फेब्रुवारी

प्रियू,

थोडक्यात लिहितो.

तुझं चार तारखेचं पत्र सीतारामने आणून दिलं. तेही वाचलं. रागावलो आहे. खोटं लिहिलंस म्हणून जास्त.

पण मीही एक लपवलं. शुक्रवारी मेसेज आला नाही तेव्हा मला आनंद झाला होता. सुया नाहीत, चार तास छताकडे बघणं नाही. टॅगचं कारण मी सीतारामला सांगितलं, तुला सांगितलं, आणि स्वतःलाही सांगितलं. सूज दिसत होती. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या मालाला लाल टॅग लावले आणि स्वतःच्या पायाला लावला नाही. तेव्हा सगळं ओझं तू एकटीने उचलू नकोस.

आता कामाचं.

“सेंटरवाले बघतील” म्हणजे कोण? नाव सांग. ती तीन माणसं कुठे आहेत? आज सोमवार झाला. माझ्यासाठी तू रिक्षाने शिळफाटा ओलांडलास. त्यांना भाची आहे का?

आणि माझं नाव त्या चाचणीतून काढ. तिथे “रुग्ण अ”च राहू दे. माझ्याऐवजी परका असता तरी गाडी थांबायला हवी होती.

शिवराममामा


खोपट, ठाणे
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचा कागद वाचून मी हॉस्पिटलच्या संडासात जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि बाहेर येऊन तिघांना फोन लावले. दोघं कल्याणचे, मेसेज आला नाही म्हणून घरच्यांनी चौकशी केली होती, त्यांचं डायलिसिस चुकलं नाही. तिसरीचा फोन बंद. हौसाबाई, वय अडुसष्ट, पत्ता दिवा स्टेशनजवळचा. तीन नंबरची बिल्डिंग, अशा तीन नंबरच्या बिल्डिंगा तिथे सात आहेत.

मंगळवारी सुट्टी टाकून गेले. पाण्याच्या टँकरपाशी रांगेत विचारत विचारत दोन तास फिरले. इमारतीला इमारत चिकटलेली, नंबर कुठे लिहिलेला नाही. प्रत्येक जिना चढताना वाटायचं, वर दार उघडेल आणि कोणीतरी सांगेल, बाई गेल्या. पाचव्या जिन्यावर हौसाबाई दारात बसून मेथी निवडत होत्या.

मी दम टाकत विचारलं, “आजी, डायलिसिसला गेलात का?”

“न जाऊन काय? सोमवारी दाराशी बाजार भरतो, त्या दिवशी जायचं, आणि मग गुरुवारी.”

“पण तुमची पाळी बदलली होती. मेसेज आला नाही ना?”

“मला मेला मेसेज वाचता कुठे येतो गं! तो फोन नातवाने पाण्यात पाडला. सेंटरची पोरगी म्हणली, आजी, तुमचं आज नाही. म्हटलं, माझं आजच. बसले बाकड्यावर पदर खोचून. दुपारी लावलं त्यांनी मशीनला.”

मग त्यांनी मला अर्धा पेला पाणी दिलं आणि म्हणाल्या, “मला डॉक्टरनी पाणी कमी प्यायला सांगितलंय, ते बरंच आहे, दिव्यात तसंही येत नाही.” मी हसायला लागले आणि हसता हसता परत रडू आलं. त्यांना काही कळेना. त्यांनी मेथीची जुडी पिशवीत घालून दिली. म्हणाल्या, “कोणाचं मयत झालंय का गं?” म्हटलं, नाही आजी, झालं नाही.

आता कामाचं, तुमच्या भाषेत.

चूक सापडली. मंद मशीन वगैरे काही नव्हतं. दोन नोंदी एकाच क्षणी बदलल्या, की एक अर्धवट राहायची. सोनल आणि मी दोन दिवस बसून ती काढली. चाचणी सत्तर वेळा चालवली, सत्तर वेळा हिरवी. तुमचं नाव काढलं. तिथे परत “रुग्ण अ” आहे.

ऐच्छिकची सोय मी बंद केली नाही. तुम्ही म्हणालात ते खरं, नव्या चाचण्यांना पिवळी लागतेच. पण आता नाव आणि तारीख टाकल्याशिवाय कॉम्प्युटर कोणालाही तिथे चाचणी ठेवू देत नाही, आणि चौदा दिवस उलटले की पिवळी आपोआप लाल होते. माझी गेली, उरलेल्या पंचविसांखाली नावं आली. नऊंखाली धनेशचं आहे. त्याने स्वतःच लिहिलं. आता तो सकाळी चाळीचा विनोद करत नाही.

चौकशीत मी सगळं सांगितलं, नाव का लिहिलं नाही तेही. कायम करायचं सहा महिने पुढे ढकललंय. जागेवर येऊन बसले तेव्हा मी पाय हलवत नव्हते, असं सोनलने सांगितलं.

सोबत मार्चपर्यंतचं कॅलेंडर आणि दोन लाल पेन पाठवतेय. महेंद्रने तुमचे मंगळवार-शुक्रवार परत करून दिलेत. गोल मीच केले आहेत. मेसेज येवो न येवो, तुम्ही जायचं.

तुमची,
प्रियांका


डोंबिवली (पूर्व)
१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

चि. प्रियांकास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मशीनवरून लिहितो आहे, डावा हात अडकलेला आहे, उजवा मोकळा. मामी शेजारी बसून पाण्याचे घोट मोजते आहे.

तुझा मेसेज आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आला. चोख होता. दिवस, वेळ, मशीन, सगळं बरोबर.

तो आला तेव्हा मी सेंटरच्या पायरीवर बसलो होतो.

शिवराममामा